गाडी रात्री कुठे उभी असते? विजेच्या गाड्या, फुटपाथ आणि संशोधनाचा प्रश्न

विजेच्या गाडीचा विषय निघाला की पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. एका चार्जमध्ये किती जाते, किंमत किती आणि बॅटरी किती वर्षं टिकते? माझ्या अभ्यासात मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला प्रश्न या तिन्हींत नाही. तो असा: ही गाडी रात्री कुठे उभी असते?

ज्याच्या घराला अंगण आहे, गॅरेज आहे किंवा स्वतःची पार्किंगची जागा आहे, त्याला चार्जिंग म्हणजे मोबाइल उशाशी लावून झोपण्याइतकं सोपं. वीज घरच्या मीटरवरची, दर घरचा, आणि काम होतं ते आपण झोपेत असताना. पण ज्याची गाडी रस्त्याच्या कडेला, जिथे जागा मिळेल तिथे उभी राहते, त्याचं काय? गाडी तीच, बॅटरी तीच. फक्त मीटर घरात आहे, गाडी रस्त्यावर आहे आणि दोघांच्या मधे फुटपाथ आहे. तो चार-सहा फुटांचा फुटपाथ ओलांडायला काही शहरांना वीस वर्षं लागली, काहींना अजून जमलेलं नाही.

आज त्या फुटपाथचा इतिहास थोडक्यात सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा नेटची तयारी करत असतील, कुणी संशोधन आराखडा लिहीत असेल. म्हणून जाता जाता एक गोष्ट दाखवायची आहे: आपण प्रश्न कुठून विचारतो यावर आपल्याला पुरावा कुणाचा सापडतो हे ठरतं, आणि कुणाचा सापडत नाही हेही.

घोड्यांच्या काळापासून सुरुवात

वाहन रात्री कुठे ठेवायचं, हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. आपल्याकडे मोठ्या वाड्यांना पागा असायची. लंडनमध्ये श्रीमंतांच्या घरांमागे 'म्यूज' नावाच्या बोळात तबेले असत. खाली घोडे आणि बग्गी, वर नोकरांच्या खोल्या. ज्यांना एवढं परवडत नसे, ते भाड्याच्या तबेल्यात घोडा ठेवत. तिथे दाणापाणी, खरारा, देखभाल सगळं महिन्याच्या पैशांत होई.

हे लक्षात ठेवा, कारण विजेच्या पहिल्या गाड्या जन्मल्या त्या याच जगात. १८९७ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर वॉल्टर बर्सी यांनी तयार केलेल्या विजेच्या टॅक्सी धावू लागल्या. त्यांच्या गुणगुण आवाजावरून आणि पिवळ्या-काळ्या रंगावरून लोक त्यांना 'हमिंगबर्ड' म्हणत. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही विजेच्या टॅक्सींची सेवा सुरू झाली. दोन्हीकडे चार्जिंगचं उत्तर एकच होतं: गाडी आगारात यायची, यंत्राच्या मदतीने संपलेली जड बॅटरी काढली जायची, भरलेली बसवली जायची आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. आज आपण ज्याला 'बॅटरी स्वॅपिंग' म्हणतो ते हेच. ते नवं नाही, सव्वाशे वर्षांचं आहे.

पण टॅक्सीला मालक एक आणि आगार एक. खासगी गाडी घेणाऱ्याने काय करायचं?

१९०० च्या आसपासची चार उत्तरं

१९०० च्या सुमारास अमेरिकेत वर्षभरात जेमतेम चार हजार मोटारी तयार झाल्या. त्यांत विजेच्या होत्या १५७५ आणि पेट्रोलच्या ९३६, बाकीच्या वाफेच्या. म्हणजे त्या वेळी वीज ही काही हौशी लोकांची खोडी नव्हती. तिघांतला एक खराखुरा स्पर्धक होता. आणि या गाड्यांना रोज वीज पाजावी लागे. त्यासाठी चार उत्तरं पुढे आली.

पहिलं उत्तर होतं सार्वजनिक गॅरेज. आपल्याकडे गॅरेज म्हटलं की दुरुस्ती आठवते, पण तेव्हाच्या अमेरिकी शहरांत गॅरेज म्हणजे भाड्याच्या तबेल्याचा वारसदार. महिन्याचे पैसे भरायचे. गाडी तिथे राहायची, धुतली जायची, चार्ज व्हायची. अनेक ठिकाणी माणूस सकाळी गाडी दाराशी आणून देई आणि रात्री परत घेऊन जाई. ज्याच्याकडे जागा नाही त्याच्यासाठी हे उत्तम होतं, फक्त महाग होतं.

दुसरं उत्तर होतं घर. इथे दोन अडचणी. एक, घरात वीजच नसे. १९२० मध्येसुद्धा अमेरिकेतल्या फक्त एक तृतीयांशाच्या आसपास घरांत वीज पोचली होती. दुसरी, अनेक भागांत येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी होती आणि बॅटरीला लागते डीसी. यावर उपाय निघाला मर्क्युरी आर्क रेक्टिफायरचा. पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ मध्ये शोधलेलं हे उपकरण काचेच्या फुग्यातल्या पाऱ्याच्या वाफेतून एसीची डीसी करतं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने घरगुती गॅरेजसाठी असे रेक्टिफायर विकायला काढले. आजच्या भिंतीवरच्या चार्जरचे हे पणजोबा.

तिसरं उत्तर मला सगळ्यांत जास्त आवडतं. त्याच कंपनीने 'इलेक्ट्रंट' नावाची कल्पना मांडली होती. आगीच्या बंबासाठी रस्त्यावर पाण्याचा हायड्रंट असतो ना, तसा विजेचा. फुटपाथच्या कडेला उभा असलेला खांब. नाणं टाका, ठराविक वीज घ्या, पुढे जा. रस्त्यावर उभ्या असणाऱ्या गाडीला रस्त्यावरच वीज, हा विचार इतका जुना आहे. इलेक्ट्रंट रुजला नाही. ही कल्पना पुढच्या शतकात पुन्हा येईपर्यंत जवळपास विसरली गेली.

चौथं उत्तर कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरातलं. तिथल्या वीज कंपनीने १९१० ते १९२४ या काळात मुख्यतः मालवाहू गाड्यांसाठी अशी योजना चालवली: गाडी घ्यायची बॅटरीशिवाय, बॅटरी वीज कंपनीची. संपली की बदलून घ्यायची आणि पैसे द्यायचे धावलेल्या मैलांप्रमाणे, वर महिन्याचा ठरावीक आकार. या योजनेतल्या गाड्या एकूण साठ लाख मैलांहून जास्त धावल्या. बंद पडलेल्या तंत्रज्ञानाच्या मानाने हा आकडा लहान नाही.

चारही उत्तरांकडे एकत्र पाहा. फक्त दुसऱ्या उत्तरात मालकाची स्वतःची जागा लागते. बाकीच्या तिन्हींमध्ये कुणीतरी दुसरा, म्हणजे गॅरेजवाला, वीज कंपनी किंवा नगरपालिका, त्या जागेची जबाबदारी घेतो. आता सांगा, पुढे जगभर 'घरचं चार्जिंग' म्हणून कुठलं उत्तर गृहीत धरलं गेलं? दुसरं. बाकीची तिन्ही 'पर्यायी व्यवस्था' झाली.

एका फोटोची गोष्ट

या काळावर वाचायला लागलात की १९१२ च्या सुमाराचा एक फोटो तुम्हाला नक्की भेटेल. एक बाई रेक्टिफायरच्या पॅनलशी उभी आहे, शेजारी तिची कोलंबिया कंपनीची विजेची गाडी. लेखांत, पुस्तकांत, व्याख्यानांत तो सतत वापरला जातो. 'बघा, शंभर वर्षांपूर्वीही घरी चार्जिंग होत होतं!'

फोटो खोटा नाही. पण त्यातून काय सिद्ध होतं? एवढंच, की जिच्याकडे गॅरेज होतं, वीज होती आणि रेक्टिफायरचे पैसे होते, ती घरी गाडी चार्ज करू शकत होती. व्हर्जिनिया शार्फ यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की विजेची गाडी कशी 'बायकांची गाडी' म्हणून विकली गेली. हेन्री फोर्डची बायको क्लारा हीसुद्धा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. हे लिंगभावाचं वाचन महत्त्वाचं आहे. त्याच फोटोत आणखी एक वाचन दडलेलं आहे, ते जागेचं. मागची भिंत पाहा. ती भिंत ज्याच्याकडे नाही, तो या फोटोत असूच शकत नाही.

इतिहासकारांमध्ये या गाड्यांच्या अपयशावर बराच वाद आहे. जुनं, सोपं उत्तर: बॅटरी वाईट, पेट्रोल चांगलं, संपला विषय. डेव्हिड कर्श (२०००) आणि खाइस मोम (२००४) या दोघांनीही, वेगवेगळ्या वाटांनी, हे उत्तर पुरेसं नाही असं मांडलं. तंत्रज्ञान एकटं हरत नाही. त्याच्याभोवतीची व्यवस्था, व्यवसायाची पद्धत, लोकांच्या अपेक्षा हे सगळं मिळून निकाल लागतो. आराखड्याची तयारी करत असाल तर हे दोघे वाचाच.

मला त्यात एक छोटी भर घालावीशी वाटते. पेट्रोलच्या गाडीचा एक मोठा फायदा वेग हा नव्हताच. तिला रात्रीची गरज नव्हती. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याची गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघाली, तेव्हा वाटेत विसलॉखच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन घेतलं. इंधन डब्यात मावतं, दुकानात ठेवता येतं, पाच मिनिटांत ओतता येतं. गाडी रात्री कुठे उभी आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. विजेच्या गाडीला मात्र तासन् तास एका जागी उभं राहावं लागतं, आणि ती जागा विजेजवळ असावी लागते. म्हणजे ही गाडी घेणाऱ्याला गाडीबरोबर एक जागाही घ्यावी लागते. किमतीच्या पाटीवर ती जागा लिहिलेली नसते.

मधली वर्षं

पुढची पन्नास-साठ वर्षं पेट्रोलची. शहरं गाड्यांनी भरली. ज्या घरांना गॅरेज नव्हतं तिथल्या गाड्या रस्त्यावर राहू लागल्या, आणि हळूहळू ते इतकं अंगवळणी पडलं की रस्त्याची कडा म्हणजे पार्किंग असं समीकरणच झालं.

वीज पूर्ण गेली का? नाही. ब्रिटनमध्ये पहाटे घरोघरी दूध पोचवणाऱ्या विजेच्या गाड्या, म्हणजे मिल्क फ्लोट, हजारोंच्या संख्येने धावत होत्या. वेग कमी, आवाज नाही, थांबत थांबत जायचं. विजेसाठी आदर्श काम. आणि त्या चार्ज कुठे व्हायच्या? डेअरीच्या आगारात. म्हणजे ज्यांना रात्रीची जागा होती त्या विजेच्या गाड्या टिकल्या, आणि ही जागा कुणाच्या घराची नव्हती.

जपानने याच सुमारास वेगळीच वाट धरली. १९६२ च्या कायद्याने तिथे गाडी घ्यायची तर आधी ती ठेवायला जागा आहे हे दाखवणं आवश्यक झालं. पोलिसांकडून तसा दाखला घ्यावा लागतो. आज ही जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत असावी लागते. हा कायदा विजेच्या गाड्यांसाठी केलेला नव्हता. पण परिणाम बघा: बहुतेक प्रत्येक मोटारीचा रात्रीचा पत्ता सरकारदरबारी नोंदलेला आहे. अर्थात पत्ता असला म्हणजे प्लग असतोच असं नाही. भाड्याच्या पार्किंगमध्ये विजेची सोय नसेल तर प्रश्न तिथेही उरतो. तरी निदान त्या प्रश्नाला उत्तर द्यायला समोर एक जागामालक असतो. फुटपाथशी बोलायचं म्हटलं तर बोलायचं कुणाशी?

लंडन: फुटपाथ आडवा येतो

आता पुन्हा लंडन. २००३ मध्ये तिथे शहराच्या मध्यभागी गाडी आणणाऱ्यांवर गर्दी-शुल्क लागू झालं आणि विजेच्या गाड्यांना त्यातून सूट मिळाली. लगेच एका छोट्या गाडीला मागणी आली: जी-विझ. ही गाडी मूळची बंगळुरूची 'रेवा', २००१ मध्ये भारतात बाजारात आलेली. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज व्हायची. भारतात तिला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाहीत, लंडनमध्ये मात्र ती रस्त्यावर दिसू लागली.

पण घेणाऱ्यांतले अनेक जण राहत होते व्हिक्टोरियन काळातल्या ओळघरांत किंवा फ्लॅटमध्ये. दार उघडलं की थेट फुटपाथ. ही घरं बांधली गेली तेव्हा मोटारच नव्हती. ब्रिटनमध्ये सुमारे एक तृतीयांश घरांना रस्त्याबाहेर स्वतःची पार्किंगची जागा नाही, असं साधारणपणे मानलं जातं. लंडनच्या आतल्या भागांत हे प्रमाण बरंच जास्त आहे. रस्त्यावर पार्किंगचा परवाना मिळतो, पण तो त्या भागात कुठेतरी गाडी उभी करण्याचा. आपल्या दारासमोरची जागा आपली असते असं नाही. आज मिळाली, उद्या शेजाऱ्याची.

मग लोक खिडकीतून वायर काढून फुटपाथवरून गाडीपर्यंत नेऊ लागले. इथे १९८० चा हायवेज अ‍ॅक्ट आडवा येतो. रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या वरून वायर न्यायची तर स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, आणि तिच्यामुळे कुणाला धोका झाला तर तो गुन्हा ठरू शकतो. कायद्याला दोष देण्याआधी फुटपाथवरून कोण चालतं ते आठवा. पांढरी काठी घेतलेला माणूस, चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, संधिवात झालेली आजी. गाडी नसलेल्या माणसाच्या पायात गाडीवाल्याची वायर का यावी? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. फुटपाथ दोन्ही बाजूंनी न्यायाचा प्रश्न आहे.

यातून तीन वाटा निघाल्या.

एक, रस्त्यावरचा चार्जर. वेस्टमिन्स्टरच्या कौन्सिलने २००६ मध्ये कॉव्हेंट गार्डन भागात फुटपाथच्या कडेला चार्जिंगचे खांब बसवले. इलेक्ट्रंट शंभर वर्षांनी परत आला असं म्हणा हवं तर.

दोन, दिव्याचा खांब. रस्त्यावरचे जुने सोडियमचे दिवे काढून एलईडी लावले की प्रत्येक खांबाची विजेची गरज घटते. खांबापर्यंत आलेल्या वायरची क्षमता मात्र तेवढीच राहते. ही उरलेली क्षमता गाडीला द्यायची. साधारण ५ किलोवॉट मिळतात. ५० किलोवॉट-तासांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर १० तास, म्हणजे एक रात्र. खोदकाम जवळपास नाही, नवा खांब नाही, फुटपाथवर अडथळा नाही. २०२० मध्ये वेस्टमिन्स्टरमधल्या सदरलँड अ‍ॅव्हेन्यूवरच्या २४ खांबांना असे चार्जर बसवले गेले आणि त्या रस्त्याला 'इलेक्ट्रिक अ‍ॅव्हेन्यू' असं टोपणनाव मिळालं. गंमत म्हणजे लंडनमधली खरी इलेक्ट्रिक अ‍ॅव्हेन्यू आहे ब्रिक्स्टनला. १८८० च्या दशकात विजेचे दिवे लागलेला तो बाजाररस्ता. एकाच शहरात दोन शतकांत विजेच्या दिव्याने रस्त्याला दोनदा नाव दिलं.

तीन, फुटपाथमधली पन्हळ. दारापासून रस्त्याच्या कडेपर्यंत फुटपाथमध्ये अरुंद खाच करायची, वायर तिच्यात बसवायची, वरून फुटपाथ सपाट. ऑक्सफर्डशरसारख्या ठिकाणी याचे प्रयोग झाले. वीज घरचीच, दर घरचाच. फक्त गाडी दारासमोर उभी करायला मिळाली पाहिजे, आणि त्याची हमी पन्हळ देत नाही.

आता पैशांकडे या. ब्रिटनमध्ये घरगुती विजेवर व्हॅट ५ टक्के. रस्त्यावरच्या सार्वजनिक चार्जरच्या विजेवर मात्र २० टक्के, असं कर खात्याने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आणि पुढे हाच वादाचा मुद्दा झाला. करापूर्वी १०० पौंडांची वीज घ्या. घरी तिचे १०५ होतात, रस्त्यावर १२०. शिवाय सार्वजनिक चार्जरचा मूळ दर बहुधा जास्त, आणि घरच्या मीटरला मिळणारा रात्रीचा स्वस्त दर तिथे सहसा नाही. म्हणजे अंगण असलेला कमी भरतो, अंगण नसलेला जास्त. कुणी मुद्दाम ठरवून हे केलं का? नाही. कराच्या नियमात 'घर' म्हणजे एक जागा, तिच्या चार भिंती आणि तिचं मीटर. भिंतीबाहेर उभ्या असलेल्या गाडीची त्या नियमाने कल्पनाच केली नव्हती. विषमता अशी, कुणाच्याही दुष्टपणाशिवाय, जुन्या व्याख्येतून उगवते.

अ‍ॅमस्टरडॅमने प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. ज्याच्याकडे विजेची गाडी आहे आणि स्वतःची जागा नाही, तो रहिवासी मागणी करतो. शहर जवळपास सार्वजनिक चार्जर उभा करतं. चार्जर त्याचा एकट्याचा नसतो, शेजारी आणि पाहुणेही वापरतात. इथे घर आणि गाडी यांच्यातला फुटपाथ ओलांडण्याचा हट्टच सोडून दिलेला आहे.

आपल्याकडे: फुटपाथऐवजी सोसायटी

महाराष्ट्रातल्या शहरांत हा प्रश्न थोडा निराळा होतो. आपल्याकडे पार्किंग अनेकदा इमारतीच्या आवारात असतं, पण ते कुणाचं?

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईतल्या प्रकरणात निकाल दिला: इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग म्हणजे फ्लॅट नव्हे, बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही, तो सामाईक भाग आहे. रहिवाशांच्या बाजूने हा मोठा निकाल होता. पण चार्जिंगच्या नजरेने पाहा. जागा सामाईक, म्हणजे मीटरच्या खोलीपासून गाडीपर्यंतची भिंतही सामाईक. त्या भिंतीवरून वायर न्यायची तर सोसायटीची संमती हवी. लंडनच्या माणसाला जो फुटपाथ, तो आपल्याला सर्वसाधारण सभेचा ठराव.

सरकारी पातळीवर वाट बरीच मोकळी झाली आहे. गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. २०१९ मध्ये आदर्श इमारत नियमावलीत बदल होऊन नव्या इमारतींत पार्किंगच्या २० टक्के क्षमतेइतकी चार्जिंगची सोय सुचवली गेली. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या किंवा कार्यालयाच्या असलेल्या वीजजोडणीवरच गाडी चार्ज करता येईल असं सांगितलं. पण दिल्लीचा कागद आणि तळमजल्यावरची मीटरची खोली यांच्यामध्ये सेक्रेटरी बसलेले असतात. त्यांचे प्रश्न सगळेच आडमुठे नसतात: मंजूर भार पुरेल का? आग लागली तर? आज एकाला दिलं, उद्या वीस जण आले तर? आणि ज्या सभासदाकडे गाडीच नाही, त्याने नव्या केबलचा खर्च का उचलावा? संधिवाताच्या आजीचाच प्रश्न, वेगळ्या पत्त्यावर.

आणि ज्या इमारतींना आवारच नाही? पुण्याच्या पेठा, गिरगावच्या चाळी, जुन्या पागडीच्या इमारती. तिथे आपण थेट लंडनच्या ओळीत येऊन बसतो. वरच्या मजल्यावरून सोडलेली वायर तुम्हीही पाहिली असेल. काही विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून जिन्याने वर नेता येते आणि घरात लावता येते. ती पाहिली की मला हार्टफर्ड आठवतं: गाडी विजेपर्यंत जात नसेल तर बॅटरीला न्या. दुचाकीला हे जमतं. चारचाकीची बॅटरी खांद्यावर घेऊन तिसरा मजला कोण चढणार?

२०२५ मध्ये आपल्या राज्यातही 'पार्किंगची जागा दाखवा, मगच गाडीची नोंदणी' हा विचार सरकारकडून बोलून दाखवला गेला. म्हणजे जपानचं १९६२. अशा नियमाने रस्ते मोकळे होतील, पण पागडीच्या खोलीत राहणाऱ्याच्या हातून गाडी घेण्याची शक्यताच जाईल का, हाही प्रश्न आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा संशोधनाचा विषय आहे.

तुमच्या आराखड्यासाठी

आता त्या १९१२ च्या फोटोकडे परत वळू या.

विजेच्या गाड्यांवरच्या अनेक अहवालांत एक वाक्य असतं: बहुतांश चार्जिंग घरीच होतं. पाहणीचे आकडे बरोबर असतात. पण पाहणी कुणाची? ज्यांनी गाडी घेतली त्यांची. आणि सुरुवातीच्या काळात गाडी घेतली कुणी? ज्यांना घरी चार्ज करता येत होती त्यांनी. ज्यांना जागा नव्हती त्यांनी शोरूममधून माघार घेतली, किंवा ते तिथवर गेलेच नाहीत. त्यांची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही. मग त्याच आकड्यांवरून धोरण ठरतं: लोक घरीच चार्ज करतात, तर घरच्या चार्जरला अनुदान द्या. जागा नसलेला पुन्हा बाहेर राहतो, आणि पुढच्या पाहणीतही दिसत नाही. फोटोतली भिंत आणि तक्त्यातला आकडा, दोघांचा दोष एकच आहे. पुरावा जागा असणाऱ्यांचा आहे.

तुमचा विषय कुठलाही असो, शौचालयं, इंटरनेट, दवाखाने, शाळेची बस, हा सापळा तुमची वाट पाहत असतो. वापरणाऱ्यांचा अभ्यास करताना न वापरू शकलेले गळून जातात. यावर माझ्या अनुभवात उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो.

एक, वस्तू चालू असतानाच नाही, बंद असतानाही पाहा. गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते. धावणाऱ्या गाडीवर ढीगभर लिहिलेलं सापडेल. उभ्या गाडीवर फार कमी. शोधायला जागा तिथे आहे.

दोन, कंटाळवाणी कागदपत्रं वाचा. वीज दराचे आदेश, करविषयक खुलासे, इमारत नियमावली, सोसायटीची उपविधी. जाहिरातींत आणि मुलाखतींत लोक काय व्हावं ते सांगतात. नियमावलीत 'घर', 'रस्ता', 'ग्राहक' यांच्या व्याख्या असतात, आणि कोण आत, कोण बाहेर हे त्या व्याख्यांत आधीच ठरलेलं असतं.

तीन, 'अपयशी' उपाय फेकून देऊ नका. इलेक्ट्रंट चालला नाही म्हणून तो तळटीपेत गेला. पण प्रश्न तसाच राहिला, म्हणून उत्तर परत आलं. एखादा उपाय कधी परत येतो आणि मधल्या काळात काय बदललं, हे विचारलंत तर तुमच्या हातात चांगलं प्रकरण लागेल. दिव्याच्या खांबाच्या बाबतीत मधे बदलला होता फक्त दिवा.

चार, आणि हे मुलाखतीत विचारलं जातंच: 'तुमचा नमुना कोणता?' उत्तर देताना नमुन्यात कोण आहे एवढं सांगून थांबू नका. कोण असूच शकत नाही तेही सांगा. त्यांच्यापर्यंत पोचायची एखादी वाट, भले अर्धीमुर्धी असो, आराखड्यात लिहा. उदाहरणार्थ, विजेच्या गाडीच्या मालकांना भेटण्याऐवजी एका गल्लीतल्या सगळ्या घरांना भेटा. गाडी असो वा नसो.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत आणि परवानगीही नाही. आज रात्री अकरा वाजता तुमच्या गल्लीतून एक फेरी मारा. किती गाड्या आवारात आहेत, किती रस्त्यावर? जवळचं मीटर किती पावलांवर आहे? दिव्याचे खांब किती? मधे फुटपाथ आहे का, आणि असला तर त्यावरून कोण चालतंय? वहीत मांडून ठेवा. इतका जवळचा प्राथमिक पुरावा फार थोड्या विषयांत मिळतो.